अघोषित निखातातील नाण्यांवर शोधनिबंध लिहावा का?

मांजराकाठची

नमस्कार मंडळी. यादवकाळातील चलन आणि बाजारपेठा हा माझ्या संशोधनाचा विषय आहे. अलीकडे एका परिचितांमुळे बालाघाटाच्या माथ्यावरील एका शेतकऱ्याच्या घरी जाण्याचा योग आला. विहिरीचे काम चालू असताना त्यांच्या शेतात मातीचे गाडगे निघाले आणि त्यात वाटीसारखी खोलगट सोन्याची नाणी होती. गाडग्याच्या काठाची दोन खापरे त्यांनी फडताळात जपून ठेवली आहेत. आतल्या बाजूला माती अजून तशीच चिकटलेली आहे. नाणी पद्मटंक आहेत. मधोमध कमळाचा ठसा, भोवती दोन ‘श्री’, शंख आणि राजाच्या नावाचा ठसा, मागची बाजू कोरी. त्यांनी मला नाणी हाताळू दिली, वजने घेऊ दिली आणि छायाचित्रेही काढू दिली. वजने नेहमीप्रमाणे पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरली. बहुतेक नाणी यादव राजा रामचंद्राची आहेत, परंतु काहींवरील ठशांची जुळणी मी पाहिलेल्या कोणत्याही सूचीत नाही.

अडचण अशी की हे निखात, म्हणजे जमिनीत पुरलेला ठेवा, त्यांनी सरकारदरबारी कळवलेले नाही आणि कळवण्याची त्यांची इच्छाही नाही. लेख लिहायला त्यांची हरकत नाही. मात्र गावाचे, शेताचे आणि त्यांचे नाव कोठेही येता कामा नये, अशी अट आहे. लेख लिहिला तर कायदा मोडून दडवलेल्या वस्तूला मी विद्येची प्रतिष्ठा देते. नाही लिहिला, तर ही नाणी उद्या कोठे जातील याचा नेम नाही आणि ती कधी निघाली होती हेही कोणाला कळणार नाही. आपल्यापैकी ज्यांना नाणकशास्त्राचा, कायद्याचा किंवा गावाकडच्या व्यवहाराचा अनुभव आहे त्यांनी स्पष्ट मत द्यावे.

कलम_चार

आधी कायदा काय आहे ते सांगतो, कारण या विषयावर निम्म्या गप्पा ऐकीव माहितीवर चालतात. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, की सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते: काय सापडले, अंदाजे किती किमतीचे, कोठे आणि कोणत्या तारखेला. त्यानंतर ते कोषागारात जमा करायचे किंवा मागणी होताच हजर करण्याबद्दल जामीन द्यायचा. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढून हक्क सांगणाऱ्यांना बोलावतात आणि चौकशी करतात.

लोकांचा समज असा की सगळे सरकार घेऊन जाते. तसे कायद्यात नाही. निखात बेवारस ठरले, सापडणारा आणि जागेचा मालक वेगळे असले आणि त्यांच्यात काही करार नसला, तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा असतो. सरकारला ते हवे असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन घेता येते. जो कळवत नाही त्याचा मात्र हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

शिवाय १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. त्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

सराफ_गल्ली

ताई, लेखाचा विचार सावकाश करा, पण फार सावकाश करू नका. मुलीचे लग्न ठरले की पद्मटंकाची पाटली होते आणि रामचंद्रराय मुशीत जातात. आमच्या पेठेत अशा मालाला मोड म्हणतात. मोडीवर कोणी कमळ आहे का शंख आहे हे बघत नाही, फक्त कस बघतात.

पांढरीतला

वरच्या कायद्याच्या माहितीबद्दल आभार, पण गावात बसून तो कायदा कसा दिसतो तेही लिहायला हवे. मी शेतकरी आहे आणि आमच्या गावाला जुनी गढी आहे. गढीची पांढरी माती लोक पिढ्यान्‌पिढ्या शेतात आणि घराच्या भिंतींना नेत आले आहेत. मातीबरोबर मणी, खापरे, तांब्याची नाणी निघतात, त्यांचे कोणाला अप्रूप नसते. सोने निघाले की मात्र गाव बदलते.

आमच्या भावकीतल्या एकाने खरोखर कळवले होते. पंचनामा झाला, पुढचे कित्येक दिवस शेतात पोलीस उभा राहिला, विहिरीचे काम पावसाळ्यापर्यंत थांबले आणि विहीर ढासळली. ज्या कार्यालयात नाणी जमा केली तेथून पुढे काय झाले याचे उत्तर त्याला वर्षानुवर्षे मिळाले नाही. हे सगळे त्याने सोसले असते. पण गावाने ‘जमा केली ती निम्मीच, निम्मी घरात आहेत’ असे ठरवून टाकले. रात्री-अपरात्री घरामागे खणण्याचे प्रकार झाले. शेवटी म्हातारीला घेऊन तो तालुक्याला राहायला गेला.

धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त, हे आकर्षण म्हणून कोणाला सांगता येईल का? बाजारात एका चांगल्या नाण्याला किती मिळतात हे आता कोणत्याही पोराला मोबाइलवर दिसते. त्या शेतकऱ्याला चोर ठरवून चर्चा सुरू करू नये एवढीच विनंती.

ठसा_आणि_वजन

मी नाणेसंग्राहक आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: लेख लिहावा, लगेच लिहावा.

१९४६ साली राजस्थानात बयाना येथे गुप्तांच्या सुवर्णनाण्यांचे प्रचंड निखात सापडले. गावकऱ्यांनी त्यातील काही नाणी आधीच वाटून घेतली होती. तरीही हाती आलेली १८२१ नाणी अनंत सदाशिव अळतेकरांनी अभ्यासली आणि सूचीबद्ध केली. आज गुप्तांच्या नाण्यांबद्दल आपण जे बोलतो त्याचा मोठा भाग त्या कामावर उभा आहे. आपल्याकडचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीचे. १९०६ मध्ये तेथे क्षहरात वंशातील क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली आणि त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा आपला ठसा मारलेला होता. शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरातांचा उच्छेद केल्याचे वाचायला मिळत होते, त्याला ही नाणी साक्षीदार मिळाली. ती नोंदली गेली नसती तर?

खासगी माणसांनी मराठवाड्याचा इतिहास किती वाचवला हेही विसरू नका. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या वस्तूंवर आज तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. पैठणचे वस्तुसंग्रहालयही बाळासाहेब पाटलांच्या संग्रहातून झाले. हे दोघे प्रत्येक मणी घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात गेले असते तर काय उरले असते, याचा विचार व्हावा.

खड्ड्यातला_माणूस

ठसा_आणि_वजन, आपण दिलेली उदाहरणे आपल्याच विरुद्ध जातात. बयाना असो की जोगळटेंभी, दोन्ही निखाते त्या त्या गावाच्या नावाने ओळखली जातात. कोठे सापडली हे लपवलेले नव्हते. लामतुरे यांचा संग्रहही तेरचा म्हणून मोलाचा आहे. त्यातील मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती वस्तू ‘मराठवाड्यात कोठेतरी मिळाल्या’ असे म्हटले, तर रोमशी व्यापार करणाऱ्या तगर नगरीशी, म्हणजे प्राचीन तेरशी, त्यांचा संबंध कोणी जोडायचा?

मी उत्खननावर काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. निखात म्हणजे सुटी नाणी नव्हेत. गाडगे कोणत्या थरात होते, जवळ घराचा पाया होता की मोकळे रान, गाडग्याच्या घडणीवरून काळ कोणता, सर्वांत अलीकडचे नाणे कोणते, कोणती नाणी झिजलेली आणि कोणती कोरी करकरीत, यांवरून ते कोणी, केव्हा आणि कशाला पुरले याचा अंदाज बांधता येतो. रामचंद्राची नाणी शेवटची असतील तर प्रश्न फारच रोचक आहे. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन देवगिरीवर आला तेव्हा पुरले, की १३१८ मध्ये रामचंद्राचा जावई हरपालदेव मारला गेला त्या धामधुमीत? त्या गाडग्यात खिलजींचे एखादे टंक होते का, हे कोणी विचारले आहे का? देवगिरीच्या टांकसाळीत खिलजींची नाणी पडत होती, म्हणून हा प्रश्न हवेतला नाही.

मांजराकाठची यांच्यासमोरची अट अशी आहे की ठिकाण सांगायचे नाही. मग लेखात उरते काय? छायाचित्रे, वजने आणि ‘एका खासगी संग्रहातील’ हे शब्द. ज्यामुळे ही नाणी निखात ठरतात नेमके तेच झाकायचे आणि जे उरते ते छापायचे, असा हा सौदा आहे. असा लेख इतिहासाच्या फार उपयोगी नसतो, विकणाऱ्याच्या मात्र असतो. ‘प्रकाशित’ असा शेरा मिळाला की नाण्याची किंमत चढते, त्याची अस्सलता सिद्ध झाली असे धरले जाते आणि पुढच्या लिलावाच्या पुस्तिकेत आपल्या लेखाचा हवाला येतो.

गोदाकाठचा_वाचक

या विषयाशी माझा संबंध एवढाच की आमच्या गावात एक गृहस्थ पायाळू म्हणून प्रसिद्ध होते आणि त्यांना जमिनीखालचे धन दिसते असा बोलबाला होता. त्यांच्या स्वतःच्या अंगणात गाडलेली पाण्याची पाइपलाइन त्यांना आयुष्यभर सापडली नाही.

पांढरीतला

विनोद ठीक आहे, पण गुप्तधनाच्या नादाने बळी देण्यापर्यंत गोष्टी गेलेल्या आहेत. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज उगीच पडली नाही. लेखात गावाचे नाव छापून आले तर पुढच्या अमावस्येला त्या शिवारात हळद-कुंकू आणि लिंबे दिसतील आणि त्यामागोमाग धातुशोधक यंत्र घेऊन मोटारसायकली येतील. ठिकाण लपवण्यामागे शेतकऱ्याची लबाडी असतेच असे नाही. खड्ड्यातला_माणूस यांनी याचे उत्तर द्यावे.

खड्ड्यातला_माणूस

मुद्दा मान्य आहे. छापील लेखात गट क्रमांक देऊ नये, आम्हीही कित्येकदा देत नाही. पण वाचकापासून ठिकाण राखणे वेगळे आणि शासनापासून लपवणे वेगळे. अचूक ठिकाणाची नोंद पुरातत्त्व खात्याकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे असावी, लेखात फक्त तालुका असावा, हे चालू शकते. येथे ती नोंदच कोठे होणार नाही, असा पेच आहे.

ठसा_आणि_वजन

‘विकणाऱ्याच्या उपयोगी’ हे वाक्य मला लागले, तरी वादासाठी मान्य करतो. परंतु ठिकाण कळले नाही म्हणून माहिती शून्य होते हे मान्य नाही. एखाद्या ठशावर राजाचे अपरिचित बिरुद आले, किंवा एकाच नाण्यावर दोन राजांचे ठसे आले, तर ते नाणे बीडला सापडो की बिदरला, यादवांच्या टांकसाळीविषयी काही तरी नवे कळतेच. पद्मटंकावर प्रत्येक चिन्हाचा ठसा स्वतंत्रपणे मारलेला असतो. कोणता ठसा कोणत्या ठशावर चढला आहे हे भिंगातून पाहिले, तर मारण्याचा क्रम कळतो. त्याला शेताचा सातबारा लागत नाही.

खड्ड्यातला_माणूस

त्याला अस्सलपणा लागतो. यादवांच्या सुवर्णनाण्यांच्या नकला बाजारात फिरतात हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. अपरिचित ठसा दिसला की पहिली शंका बनावटीची घ्यायची असते, आणि ती फेडायला गाडगे, माती आणि ठिकाण एवढाच आधार असतो.

इंग्लंडमधील दोन निखाते या संदर्भात पाहण्यासारखी आहेत. तेथे १९९६ चा निखात कायदा आहे आणि सापडल्याचे १४ दिवसांत कळवावे लागते. २०१५ मध्ये हेरफर्डशायर परगण्यात लेम्स्टरजवळ धातुशोधक यंत्र वापरणाऱ्या दोघांना नवव्या शतकातील मोठे निखात मिळाले. त्यांनी ते न कळवता फुटकळ विकायला काढले. सुमारे ३०० नाणी असावीत असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, हाती लागली त्यांपैकी थोडीच. २०१९ मध्ये दोघांना दीर्घ मुदतीचा तुरुंगवास झाला. त्या नाण्यांत वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड आणि शेजारच्या मर्सिया राज्याचा राजा दुसरा केओलवुल्फ या दोघांनीही पाडलेले, दोन सम्राट शेजारी बसल्याचे चित्र असलेले दुर्मीळ नाणे होते. तत्कालीन बखरीने केओलवुल्फला मूर्ख सरदार म्हणून निकालात काढले आहे. नाणी मात्र सांगतात की तो आल्फ्रेडचा बरोबरीचा सहकारी होता.

त्याच वर्षी ऑक्सफर्डशायरमध्ये वॉटलिंग्टन येथे दुसरे निखात मिळाले आणि त्यातही हीच नाणी होती. सापडणाऱ्याने ते कळवले. तज्ज्ञांनी मातीचा ढेकूळच्या ढेकूळ उचलून प्रयोगशाळेत उकलला आणि २०१७ मध्ये ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाने ते साडेतेरा लाख पौंडांना घेतले. इतिहास तोच, राजे तेच. एका निखाताचा अभ्यास झाला, दुसऱ्याचा खटला झाला.

पांढरीतला

साडेतेरा लाख पौंड आणि आमच्याकडे मोडीच्या भावावर पाचवा हिस्सा. गुरुजी, उदाहरण आपण दिलेत, निष्कर्ष मी काढतो.

दौलताबादी

ही सगळी चर्चा सोन्याभोवती फिरते आहे याचे वाईट वाटते. मराठवाड्यात बहमनी आणि निजामशाही काळाची तांब्याची नाणी किती निघतात आणि कोठे जातात याचा कोणी विचार केला आहे का? आठवडी बाजारात ती किलोवर विकताना मी पाहिली आहेत. दहा रुपयांची कायद्यातील मर्यादा पाहता तीही निखातच ठरतात. पण त्यांच्यासाठी कोणी अट घालत नाही, कोणी लेख लिहीत नाही. महंमद तुघलकाने १३३० च्या सुमारास चांदीच्या टंकाऐवजी तांब्या-पितळेचे प्रतीक-नाणे काढले आणि दौलताबादच्या टांकसाळीचे नाव त्यावर आले. हा प्रयोग खेडोपाडी कितपत पोहोचला होता हे शोधायचे असेल, तर सुलतानी प्रदर्शनी नाण्यांपेक्षा गावागावांत सापडलेल्या या सामान्य नाण्यांची ठिकाणे उपयोगी पडतील. भंगारवाल्याच्या पोत्यातून ती ठिकाणे परत काढता येत नाहीत.

संशोधनाची नीती ठरवायची तर तांब्यापासून ठरवा. तेथे मोह कमी असतो आणि डोके ठिकाणावर राहते.

उस्मानपुरा

मला वेगळाच प्रश्न पडला आहे आणि तो अजून कोणी विचारला नाही याचे आश्चर्य वाटते. विहीर शेतकऱ्याची होती, पण कुदळ कोणाच्या हातात होती? बालाघाटावर विहिरी खणायला बाहेरगावचे मजूर येतात. कलम_चार यांनी वर लिहिले आहे की तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याचा असतो. गाडगे मजुराला दिसले असेल तर शेतकरी फक्त शासनापासून नाणी लपवतो आहे, की मजुराचा हिस्साही? नाव न छापण्याची अट कोणाच्या भीतीपोटी आहे?

कलम_चार

नेमका प्रश्न. मालकाच्या सांगण्यावरून, मजुरी घेऊन काम करणाऱ्याला सापडले तर ‘सापडणारा’ कोण, यावर वाद होऊ शकतो आणि तो जिल्हाधिकाऱ्यांसमोरच व्हायला हवा. न कळवल्यामुळे मजुराचे म्हणणे मांडण्याची जागाच नाहीशी होते. मांजराकाठची यांच्या लेखात हा मजूर कोठेच येणार नाही. ‘संग्राहकाच्या सौजन्याने’ अशी ओळ मात्र येईल, आणि या ओळीने मालकी कोणाची हे न सांगता सांगितल्यासारखे होईल.

मांजराकाठची

सर्वांचे मनापासून आभार. उस्मानपुरा, गाडगे कोणाला दिसले हे मी विचारले नव्हते. काल फोन करून विचारले. ‘कामावरच्या बाईला’ एवढे उत्तर मिळाले आणि विषय बदलला गेला. ती घमेली उचलत होती, हे त्या परिचितांकडून कळले. तिला साडी-चोळी दिली म्हणे.

आणखी एक गोष्ट घडली आहे. शेतकऱ्याच्या नात्यातील, शहरात राहणाऱ्या एका तरुणाने मला निरोप पाठवला की लेखाला वेळ लागत असेल तर हरकत नाही. तूर्त विद्यापीठाच्या कागदावर ‘ही नाणी अस्सल यादवकालीन असून यातील काही प्रकार अप्रकाशित आहेत’ असे पत्र द्यावे. एवढे दिवस मी या प्रश्नाकडे लेख की मौन असे पाहत होते. पत्राची मागणी आल्यावर लेखाकडून त्या घरातील निदान काही माणसांची काय अपेक्षा आहे ते दिसले. पत्र मी देणार नाही, हे त्यांना कळवले आहे.

तरीही त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने खापरे जपून ठेवली, हे मला बाजूला सारता येत नाही. विकायचेच असते तर खापरे कोणी ठेवली नसती.

ठसा_आणि_वजन

पत्र नाकारलेत ते योग्य केलेत. त्या एका वाक्याची बाजारात काय किंमत होते हे मी जाणतो. मी लेखाच्या बाजूने होतो आणि आहे, पण ‘अप्रकाशित’ हा शब्द विक्रीच्या आधी ज्याला हवा असतो त्याला लेख नको असतो. छायाचित्रे मात्र कोणालाही पाठवू नका, मलाही नाही. मी मागणार होतो.

जुना_अव्वल_कारकून

महसूल खात्यात हयात गेली, म्हणून व्यवहाराचे बोलतो. पांढरीतला यांनी लिहिलेले खोटे नाही. पंचनाम्यात ‘पिवळ्या धातूची गोल चकती, नग अमुक’ एवढे लिहून पाकीट सीलबंद होते. पुढे कोषागारातून काढताना ती चकती तीच का, हे सांगायला कोणाकडे काही नसते. जमा करणाऱ्याच्या मनातली भीती येथून सुरू होते आणि गावाच्या संशयालाही येथेच खतपाणी मिळते.

या ठिकाणी संशोधकाचा उपयोग होऊ शकतो. मांजराकाठची यांनी प्रत्येक नाण्याचे वजन घेतले आहे, दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली आहेत, ठशांचे वर्णन केले आहे. ही सूची नियतकालिकाकडे जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या लेखी सूचनेला जोडपत्र म्हणून लावावी. प्रत्येक पानावर शेतकऱ्याची आणि त्या मजूर बाईची सही किंवा अंगठा घ्यावा, आवक शिक्क्यासह एक प्रत शेतकऱ्याजवळ आणि एक बाईजवळ राहावी. मग किती जमा केली याबद्दल गावाला बोलायला जागा उरत नाही, नाणे बदलण्याची कोणाची छाती होत नाही आणि नाणी नंतर कोणत्याही संग्रहालयात गेली तरी ती ओळखता येतात. तुमचा लेख म्हणजे हीच सूची, फक्त पुढे विवेचन जोडलेली. मागाहून खुशाल छापा.

खड्ड्यातला_माणूस

यावर माझा आक्षेप नाही. एक भर घालतो: खापरे जमा करताना धुऊ नयेत. आत चिकटलेल्या मातीत कापडाचे किंवा दोऱ्याचे अवशेष असू शकतात. नाणी पुरचुंडीत बांधून ठेवली असतील तर ते तेथेच दिसेल. विहिरीच्या कडेचा थर बुजण्याआधी कोणीतरी जाऊन पाहायला हवा. विहीर बांधून झाली की संपले.

उस्मानपुरा

आणि शेतकरी तयार झाला नाही तर? सूची तयार आहे, माणूस तयार नाही, अशा वेळी लेख छापायचा की नाही, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

मांजराकाठची

मग छापणार नाही. सूची आणि छायाचित्रे माझ्याजवळ तारखेसह राहतील आणि नाणी कधी बाजारात किंवा लिलावात दिसली तर ती कोठली आहेत हे सांगायला मी पुढे येईन. हे मी त्यांना तोंडावर सांगणार आहे, मागून नाही. नाव गुप्त ठेवण्याचा शब्द मी दिलेला नाही, ‘बघू’ म्हटले होते. तरी मी त्यांच्या घरी चहा घेतला आहे, त्यामुळे त्यांना न सांगता कोठेही कळवणे मला पटत नाही. माझ्या प्रबंधातील एक प्रकरण त्यामुळे लंगडे राहील, ते राहू द्यावे.

दौलताबादी

‘लिलावात दिसली तर’ यावर फार भिस्त ठेवू नका, मुशीतून बाहेर आलेल्या पाटलीवर तुमच्या सूचीतील क्रमांक नसतो. तेवढा धोका पत्करूनच हा निर्णय घ्यावा लागेल.

पांढरीतला

ताई, तालुका कोणता ते मला खासगीत कळवा, गावाचे नाव नको. आमच्या भावकीतल्या ज्या माणसाने कळवले होते तो आता या वयातही ‘कोणी कळवणार असेल तर मी सोबत जाईन’ म्हणतो. त्याची अट एवढीच की जोडपत्र आधी तयार असावे, कारण त्याच्याकडे त्या वेळी तेच नव्हते. शेतकऱ्याशी आधी तो बोलेल, तुम्ही नंतर बोला. त्या बाईलाही बोलावून घ्या, नाहीतर तिचा अंगठा कोणी भलताच मारून देईल.

कलम_चार

सूचनेचा मसुदा मी विनामूल्य करून देतो. कायद्यात ठरावीक दिवस दिलेले नाहीत, ‘शक्य तितक्या लवकर’ असे म्हटले आहे. उशीर का झाला याचा खुलासा खरा लिहावा, विहिरीच्या कामाची तारीख खोटी टाकू नये. मजुरीच्या नोंदीवरून ती लगेच उघडी पडेल.

सराफ_गल्ली

वजनाचा काटा माझा न्या. तहसिलीत पंचनाम्याला जो काटा येतो तो बहुधा रेशन दुकानातला असतो, त्यावर पावणेचार ग्रॅमची नोंद शून्य अशी होईल. प्रमाणित काटा आहे, पडताळणीच्या शिक्क्यासकट देतो, आणि सोबत मीही येतो, कारण तो मी कोणाच्या हवाली करत नाही.